मावशीचं ‘काय?’

महागडा हेडफोन घेऊन भागत नाही, तो आपल्या कानाला जुळवून घ्यावा लागतो. लोक त्यासाठी गाणी लावतात. मी मावशीचं जुनं रेकॉर्डिंग लावतो. मावशी आता नाही, पण तिचा आवाज मला जितका पाठ आहे, तितकं कुठलंच गाणं नाही.

मावशीला कमी ऐकू यायचं. रेकॉर्डिंगमध्ये मी काही विचारतो, ती “काय?” म्हणते, मग मी तेच ओरडून विचारतो. शेवटपर्यंत हेच.

काल दुपारी नवा हेडफोन लावून लॅपटॉपवर इक्वलायझर उघडला. खालचा घुमणारा आवाज थोडा उतरवला आणि मधले स्लायडर चढवले, कारण माणसाचं बोलणं तिथेच असतं. मावशी समोर बसल्यासारखी ऐकू येऊ लागली. या कामात माझा हात धरणारा कोणी नाही.

मग लक्षात आलं. रेकॉर्डिंगमध्ये मी विचारतोय आणि ती पहिल्याच फटक्यात उत्तर देतेय.

“झालं का मावशीपुराण?” बायकोने सोफ्यावरून विचारलं.

“झालं. पण ती ‘काय?’ म्हणतच नाहीये.” इक्वलायझरने आवाज बदलतो, शब्द पुसले जात नाहीत.

“आता कशाला म्हणू?” कानात मावशी म्हणाली. “आता तुझं नीट ऐकू येतंय.”

सेटिंग बिघडलं की पहिल्यापासून सुरुवात करायची, हा माझा नियम. मी शांतपणे सगळे स्लायडर शून्यावर, म्हणजे मूळ जागी, आणले.

“काय?” मावशीचा आवाज लांब गेला. “अरे, परत कमी कशाला केलंस?”