वरची वीत

"खारट आहे ते मलाही कळतं, ताई. बाग जगेल का, तेवढं सांगा," कुवानिश म्हणाला.

नुकुस शहरातल्या माती प्रयोगशाळेच्या दिलफुझाताईंनी अहवालावरून मान वर केली. समोर कुवानिश आणि त्याचा म्हातारा बाप अयिम्बेत बसले होते. घरामागच्या बागेची माती तपासायला दोघे मुयनाक गावाहून आले होते.

"पालाश भरपूर आहे. नत्र कमी. स्फुरद आहे, पण मातीचा सामू, म्हणजे पीएच, इतका चढलाय की झाडाला ते मिळत नाही. आणि सोडियमने माती गच्च बसलीये. पाणी खाली उतरतच नाही."

"मी तर युरियाच्या गोण्या ओतल्या!"

"तापातल्या माणसाला पुलाव वाढलात. आधी ताप उतरवा. जिप्सम टाका, चर खणा, हिवाळ्यात कालव्याचं पाणी तुंबवून क्षार खाली धुऊन काढा. मग शेणखत. बाकीची खतं सगळ्यात शेवटी."

"जगेल ना पण?"

"घाम गाळलात तर जगेल."

"गाळू की," अयिम्बेत म्हणाला.

गावालगतचा समुद्र आटत मागे हटला तशा अयिम्बेतच्या मासेमारीच्या होड्या वाळूत रुतल्या. राहिली ती ही बाग. जर्दाळूची झाडं त्याच्या बापाने लावलेली. पण वारा सुटला की आटलेल्या समुद्राच्या तळावरून पांढरी धूळ उठायची आणि कुवानिशच्या सहा वर्षांच्या लेकीला, आयसानेमला, धाप लागायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हिला इथून हलवा. कुवानिशची बायको गुलबाहार हिच्या भावाने अल्माटीत खोली आणि काम दोन्ही बघून ठेवलं होतं.

"तुम्हाला झाडं दिसतात. पोरीचे निळे पडलेले ओठ नाही दिसत?" ती रडत म्हणायची.

"बाबा येत नाहीत. त्यांना एकटं टाकून जाऊ?" कुवानिश विचारायचा.

"मी कुठे अडवलंय? जा ना तुम्ही!" अयिम्बेत खेकसायचा. "समुद्र गेला तेव्हा मी नाही हललो. आता या वयात हलू?"

"मग मीही नाही हलत. आजोबांच्या हातची बाग आहे. ती जिवंत आहे तोवर हा उंबरठा सोडणार नाही. बाग उभी राहू दे, पोरीला औषधाला काही कमी पडणार नाही."

हे ऐकून म्हातारा उठून बागेत गेला.

त्या हिवाळ्यात बापलेकांनी चर खणले. हाताला फोड आले तरी म्हाताऱ्याने फावडं सोडलं नाही. जिप्सम कालवलं, बर्फासारख्या पाण्यात गुडघाभर उभं राहून वाफे भरले, निचरा झाल्यावर शेणखत पसरलं.

वसंतात जर्दाळू फुलले. कांद्याची पात तरारली. कुवानिशने लेकीला खांद्यावर घेऊन बागेत फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला तिला अशी उबळ आली की गुलबाहार धावत आली आणि लेकीला ओढूनच घरात घेऊन गेली. अयिम्बेत मातीकडे बघत उभा राहिला.

महिनाभरात पानांच्या कडा करपल्या. पात पिवळी पडली. वेलींनी माना टाकल्या. कुवानिशने पुन्हा पाणी भरलं, पुन्हा जिप्सम टाकलं. म्हातारा बरोबरीने राबला. तरीही एकेक झाड वाळत गेलं.

दोघे पुन्हा माती घेऊन नुकुसला गेले.

"नवलच आहे," दिलफुझाताई म्हणाल्या. "खालची माती सुधारलीये. तुमचं काम चोख झालंय. पण वरच्या वितीत मीठच मीठ. वाऱ्याने आणलं असणार, दुसरं काय! कितीही धुतलंत तरी वरून पडतच राहणार."

"म्हणजे?"

"म्हणजे आता माझ्याकडेही उपाय नाही, भाऊ."

कुवानिश तिथेच हुंदके देऊन रडला. अयिम्बेतने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"बाग गेली, बाळा. ऊठ. पोरीला घेऊन नीघ."

आठवड्याभरात टॅक्सी दारात आली. आयसानेमने आजोबांच्या गळ्याला मिठी मारली ती सुटेना. गुलबाहारने त्यांच्या हातात गरम नान कोंबले आणि तोंड फिरवलं. "हिवाळ्याआधी न्यायला येतो," कुवानिश म्हणाला. म्हाताऱ्याने नुसती मान हलवली.

गाडी दिसेनाशी झाली तरी तो फाटकातच उभा होता. कोपऱ्यावरची दुकानदारीण बिबिझादा हातगाडी ढकलत आली.

"अयिम्बेतबाबा, एवढं कसलं लोणचं घालता हो? ही तुमची मिठाची गोणी. नेहमीसारखी गुपचूप मागच्या दारी ठेवू?"

"परत ने," म्हातारा म्हणाला. "निघाली पोरं एकदाची."