निकालाआधीचे अंगठे

सहामाहीची प्रगतिपुस्तकं वाटता वाटता सरांनी आठवीतल्या भिवराला टेबलाशी बोलावलं. पालकांच्या सहीच्या चारही चौकोनांत तिच्या आईचा अंगठा आधीच उमटलेला होता, अगदी वार्षिक परीक्षेच्यासुद्धा. "निकालाआधीच अंगठे? हे कुणाचं डोकं?" सर कडाडले. भिवरा खाली बघत म्हणाली, "मायबाप मेंढरं घेऊन गोदाकाठी गेलेत, सर. मिरगालाच येतील. पैल्या चाचणीला पुस्तक घरी नेलं, तवाच अंगठे देऊन माय म्हनली, मार्क कितीबी पडू दे, मला समदे कबूल हायेत." सरांनी खोडायला उचललेलं लाल पेन गपचूप खिशाला लावलं आणि पुस्तक तिच्या हातात दिलं. शाळा सुटली तशी पोरं मार्क दाखवायला घराकडं पळाली. भिवराच्या घराला कुलूप होतं. चुलतीकडं ती फक्त जेवायला, निजायला जायची. बंद दारापुढं बसून तिनं प्रगतिपुस्तक उघडलं, सहामाहीच्या अंगठ्यावर आपला अंगठा टेकवला आणि हळूच म्हणाली, "माय, गणितात पैली आले."