पाळीतलं घाबरट माणूस

बंदरावरच्या बर्फ कारखान्यात सगळ्यांच्या कानामागे शांततेची पट्टी होती. भीती उठली की पट्टी ती निववायची आणि माणूस श्वास मोजत काम करत राहायचा. म्हणून प्रत्येक पाळीत बिनपट्टीचं एक माणूस ठेवावंच लागे. या पाळीत ती वैजयंती मयेकर होती. गॅसगळतीत भाऊ गेल्यापासून नुसती नळी फुसफुसली तरी ती थरथरायची. ती ओरडली की सगळ्यांनी पळायचं, हा शिरस्ता होता.

काल मात्र तिने केसांआड गुपचूप पट्टी लावली. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिला धड झोप लागली.

आज दुपारी अमोनियाचा वास नाकात झोंबला. बावीस जणांनी वैजयंतीकडे पाहिलं.

"ताई, पळायचं का गं?" शेजारच्या मुमताजने विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "तू शांत आहेस, म्हणजे काही नसेल." तिने पुन्हा बर्फाची लादी ओढायला घेतली.

वैजयंतीच्या छातीत काहीच हललं नाही. पूर्वी आपण कशा घाबरायचो, ते तिने आठवून पाहिलं. मुद्दाम हात थरथरवले आणि भावाच्या नावाने किंकाळी फोडली.

बावीस जण दाराबाहेर धावले.

आपणही निघायला हवं, हे तिला कळत होतं. ती जागच्या जागी उभी राहून श्वास मोजत होती.