चारही पाय जमिनीवर

"अंगावर आला की पाठ फिरवायची," ट्रेनर म्हणाली. "ओरडायचं नाही, ढकलायचं नाही. नुसती पाठ."

पिल्लू आलं. सकाळीच घरात आलेलं, ग्रेट डेन जातीच्या कुत्र्याचं, राखाडी. पंजे असे, की थोरल्या भावाचे मोजे घातलेत. पुढचे पाय एकीकडे, मागचे दुसरीकडे, आणि मधलं सगळं अंग रेक्टरबाईंच्या पोटाशी झेपावलेलं.

रेक्टरबाई वळल्या. पंजे कमरेवरून घसरले आणि पिल्लू धपकन फरशीवर बसलं. त्या भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या, ताठ.

"वा काकू," ट्रेनर म्हणाली. "लोकांना हे चार-चार दिवस जमत नाही. पाठ फिरवतात आणि खांद्यावरून हळूच बघतात. तुम्हाला सवय दिसते."

"आहे तिला," खिडकीजवळच्या खुर्चीतून त्यांचा मुलगा म्हणाला. पिल्लू त्यानंच आणलं होतं, बसमध्ये चार तास मांडीवर घेऊन. संध्याकाळच्या बसनं त्याला परत जायचं होतं.

"मुलांचं वसतिगृह होतं माझ्याकडे," रेक्टरबाई भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या. "साठ पोरं. सगळी आई सोडून आलेली. एकाला जवळ घेतलं की बाकीची बघत राहायची."

"आणि हे तेव्हा कुठे होते?" मुलाकडे बघत ट्रेनरनं विचारलं.

"त्या साठांतच," मुलगा म्हणाला. "सगळ्यांबरोबर मीही हिला बाईच म्हणायचो. रविवारीसुद्धा."

ट्रेनर हसली. मग आपण एकटेच हसतोय हे लक्षात येऊन तिनं पिल्लाचा पट्टा नीट केला.

"याच्यापेक्षा लहान नाही का मिळालं तुला?" रेक्टरबाईंनी विचारलं. "दोन खोल्यांचं घर माझं. वर्षभरानं यानं शेपूट हलवलं की टेबल रिकामं."

"टेबलावर असतं काय तुझ्या? चष्मा आणि पेपर."

भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी रेक्टरबाई बघत राहिल्या.

"मोठ्या जातीचं हेच असतं काकू," ट्रेनर म्हणाली. "आज अंगावर आला तर गोड वाटेल. वर्षानं हेच साहेब मागच्या पायांवर उभे राहून तुमच्या दोन्ही खांद्यांवर हात टाकतील. तुम्ही आडव्या व्हाल. म्हणून आत्ताच. पुन्हा करू या. बोलवा त्याला."

त्यांनी बोलावलं. पिल्लू धावलं, त्या वळल्या, ते घसरलं, बसलं. पिल्लू वर बघत होतं. मुलगाही बघत होता.

"आता वळा," ट्रेनर म्हणाली.

"अं?"

"बसलाय तो. चारही पाय जमिनीवर आहेत. आता तुम्ही वळायचं, खाली वाकायचं आणि त्याला जवळ घ्यायचं. त्यानं वर यायचं नाही, तुम्ही खाली जायचं. मघाशी तेवढं राहिलं."

"मला वाटलं पाठ फिरवली की झालं."

"छे हो. तेवढ्यानं कुत्रं शहाणं होतं. पण मग पुढे बोलावलं तरी यायचं नाही."

रेक्टरबाई वळल्या. कमरेत जरा वाकून त्यांनी पिल्लाच्या कपाळावर उलटा हात ठेवला, ताप बघावा तसा. आणि काढून घेतला.

"पुरे?"

"आजच्यापुरतं पुरे," ट्रेनर म्हणाली. "उद्या येते."

ती गेल्यावर मुलानं घड्याळ बघितलं, पिशवी उचलली.

"निघतो. दिवसातून तीन वेळा खायला. आणि जिना चढू द्यायचा नाही इतक्यात, हाडं कच्ची असतात त्यांची."

"कळलं."

"मी येत जाईन."

"सवड झाली की ये."

तो दोन पावलं पुढे आला आणि थांबला. तेवढ्यात त्यांना गॅस बंद केलाय की नाही ते बघायचं होतं. कोणीही निघालं की रेक्टरबाईंना स्वयंपाकघरात काहीतरी आठवायचंच. मुलगा त्यांच्या पाठीकडे बघत क्षणभर उभा राहिला, मग दारात जाऊन उंबऱ्यावर बसला आणि बूट पुढे ओढले.

गॅस बंद होता. त्यांनी तो पुन्हा एकदा बंद केला. ओट्यावर कोरडंच फडकं फिरवलं. बाहेरून दार ओढल्याचा आवाज आता येईल, मग येईल, म्हणून थांबल्या. आला नाही.

त्या दारापर्यंत आल्या. मुलगा उंबऱ्यावर बसला होता, तोंड रस्त्याकडे. पिल्लू त्याच्या शेजारी जाऊन बसलं होतं, त्याला न खेटता, शहाण्यासारखं. दोघांची पाठ त्यांच्याकडे होती.

चौकटीला धरून रेक्टरबाई खाली वाकल्या. आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा. मग फरशीवरच बसल्या. इतक्या खाली त्या किती वर्षांत बसल्या नव्हत्या. एक हात पिल्लाच्या मानेवर गेला. ऊन ऊन मान, सैल कातडं, मुठीत मावेना. दुसरा हात मुलाच्या खांद्यापाशी पोचला आणि वीतभर अलीकडेच थांबला. त्या हाताला पुढची वाट ठाऊक नव्हती.

बुटांच्या नाड्या कधीच्याच बांधून झाल्या होत्या. मुलगा उठला नाही. मानही न वळवता तसाच बसून राहिला.