नाकावरची छिद्रं

जामखेडच्या सवितानं मागवलेलं आणखी एक पार्सल आलं. तिनं ते फोडून तोंडाला लावायच्या औषधाची बाटली बाहेर काढली. तिच्या कापडदुकानातल्या पगारातला बराच भाग आता असल्या बाटल्यांतच जात होता. तिची आई रंगुबाई उत्सुकतेनं जवळ येऊन बसली.

"ही कशाची गं?"

"नाकावरची छिद्रं बुजवायची. मोबाईलवर एक ताई रोज सांगती. छिद्रं उघडी असली की बाई म्हातारी दिसती म्हणं."

रंगुबाईला नवल वाटलं. "नाकाला दोनच छिद्रं असत्यात की! ती बुजवल्यावर श्वास कुठनं घ्यायचा?"

सविता हसली. "ती न्हाई गं. कातडीवर बारीक बारीक असत्यात, ती."

रंगुबाईनं लेकीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि डोळे बारीक करून नाक न्याहाळलं. "मला तर एकबी दिसंना."

"नुसत्या डोळ्यानं न्हाई दिसत. थांब." सवितानं आईच्याच नाकाचा जवळून फोटो काढला आणि बोटांनी मोठा करून दाखवला. "ही बघ. तुला तर माझ्यापेक्षा जास्त हायेत."

रंगुबाई त्या फोटोकडं बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता तिचा हात मध्येच थांबला.

"सविते, तुझा बाप मरंस्तवर माझ्यासमोर बसून जेवला. त्याला दिसत असतील का गं ही? एका शब्दानं कदी बोलला न्हाई."