सतरा साती

बसा भाऊ, बाई, तुमी बी बसा. सिंदेवाहीकडची एक गोष्ट सांगतो. लहानशीच हाये, पन मधात उठू नका.

तिकडं टोलीवरचे, मंजे गावाबाहेरच्या लहान वस्तीतले, पोरं ट्यूशनवरून पायी वापस येतात. हिवाळ्यात लवकर अंधारते, आन् रस्त्याच्या बाजूनं सारं बांबूचं रान. मनून पोराईनंच एक कायदा बनवला. एकामागं एक चालाचं. सगळ्यात मागचा जोरजोरानं पाढे मनल, मान्साचा आवाज आयकून जनावर बाजूले होते. समोरच्यानं मागं पाहाचं नाई, फक्त आयकाचं. आन् आवाज बंद पडला, का लाइटाच्या खांबाकडं पळाचं. त्याच्यानं टोलीचे पोरं पाढ्यात लय पक्के.

एक प्रफुल सोडून. भागीरथाबाईचा पोरगा. सतरा सातीवर त्याची गाडी दर पाळीले अडकाची. सगळ्याईच्या समोर चालनारी करिष्मा मने, "तुया पाढा आयकून वाघ बी कानावर हात ठेवून जाईल." प्रफुल सोताच हासे. त्याच्या समोर जोया चाले, लियाकत टेलरची पोरगी. तो अडकला का ती मागं न पाहता हळूच उत्तर सांगून दे. मंग गाडी चालू.

त्या दिवशी मागं चालाची पाळी प्रफुलची होती.

"सतरा साही एकशे दोन. सतरा साती..."

थांबला.

जोयाच्या ओठावर उत्तर आलं होतं. पन समोरून करिष्मा पळाली, तिच्यामागं बाकीचे पळाले, धडाधड चपला वाजल्या, आन् जोयाचे बी पाय उचलले. खांबापाशी येऊन पाह्यतात तं प्रफुल नाई. सातीवरच बसला असन, कोनीतरी मनलं. सगळे हासले. जोया बी हासली.

सकाळी बांबूत भेटला. पुरा नाई भेटला.

मौतीले सारी टोली जमली. भागीरथाबाईनं जोयाले जवळ बसवलं.

"वरडला का वो माया पोरगा?"

"नाई काकू."

"मंग काऊन पळाले तुमी?"

"आवाज थांबला ना."

भागीरथाबाईले कायदा माहीत होता. बरोबर केलं बाई, मनली, आन् पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात जोयाले अजून जड लागते. कारन तिले एकच गोष्ट समजत नाई, आन् समजावून देनारं बी कोनी नाई: जनावर आलं मनून तो थांबला, का तो थांबला, सारे पळाले, मनून जनावर आलं?

आता पाळी कोनाची बी असो, मागं जोयाच रायते. ती खडखड पाढे मनते, बारा, तेरा, चौदा. सतरा साही झालं का चूप होते. समोरचे पोरं आता पळत नाई, एकमेकाचा हात धरून जाग्यावर उभे रायतात. जोया मागं पाहात नाई. हळूच मनते, "एकशे एकोनीस."

मंग जराशी आयकत रायते.

काय आयकते, ते तिनं मायले सांगतलं नाई, करिष्माले नाई. पन त्यानंतर सतरा आठी ती सोता मनत नाई. एकदम सतरा नवेपासून सुरू करते.

तं भाऊ, तुमी कधी त्या रस्त्यानं पायी निघाले, आन् मागं कोनी पोरगं सातीवर अडकलं, तं पळू नका. उत्तर सांगून द्या त्याले.