बाबांनी केलेलं स्टूल

बंदरावरच्या तपासणीच्या खोलीत भावाने परदेशातून आणलेलं स्टूल माझ्यापुढे ठेवलं. शेवटच्या आजारपणात त्याच्याकडे असताना बाबांनी ते माझ्यासाठी केलेलं. “बाबांच्या कामाला कसली तपासणी, ताई?” याच खोलीत बाबांनी जन्मभर बाहेरून आलेलं लाकूड तपासलं. त्यांनी शिकवल्याप्रमाणे मी काळा कागद अंथरून त्यावर स्टूल ठेवलं आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत कागदावर पिवळा भुगा पडला. “औषध मार की!” “आतल्या भुंगेऱ्यांपर्यंत पोचत नाही. एक जोडी सुटली तरी इथली जंगलं गेली. बाबांनी माझा लाकडी घोडासुद्धा याच भट्टीत जाळला होता.” तो म्हणाला, “निदान एकदा बस तरी.” मी बसले. ऑफिसातल्या प्रत्येक खुर्चीवर माझे पाय लोंबकळतात. बाबा मला बुटकी म्हणायचे. इथे दोन्ही तळवे जमिनीला नीट टेकले. मग उठून भट्टीचं दार उघडलं.